‘सोड’ म्हणणारा मी होतो

सेतू,

परवा तुझा तेरावा झाला. आज मी टेलिफोनचा बूथ उघडला नाही. बाहेर ‘लाइन खराब आहे’ अशी पाटी अडकवली आणि आत पंखा लावून लिहायला बसलोय. तू असतास तर पहिल्यांदा हेच विचारलं असतंस, की मराठीत कसाला लिहितोस डा, वाचणार कोण? खरं आहे. तंजावुरात घरी मराठी बोलणारे पुष्कळ सापडतील, पण ही अक्षरं वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. तुला स्वतःला कुठे वाचता येत होती? माझ्या वडलांनी मला पट्टी मारमारून शिकवली, आणि तू त्या वेळी खिडकीबाहेर बॉल काखेत धरून उभा असायचास आणि मला दात दाखवायचास. तमिळमध्ये लिहिलं असतं तर भराभर झालं असतं. पण जी गोष्ट सांगायची आहे ती मराठीत घडली, म्हणून मराठीतच लिहितो. चुका होतील. चुकांबद्दल तू तरी मला काही बोलू नकोस.

गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाही तर नेहमीसारखा मी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि कॉफी यायची वेळ होईल. तिरुवैयारुवाल्यांशी झालेल्या त्या फुटबॉलच्या फायनलमध्ये, तू गोलमध्ये उभा, शेवटची पाच मिनिटं राहिली असताना, तू बॉलसाठी हात वर केलेस आणि मग खाली घेतलेस. बॉल आत गेला. सगळ्या गावानं पाहिलं. ‘सेतुराम रावानं हात आखडले, भ्याला’, असं गाव सात वर्षं म्हणत आलं. हात तू खाली घेतलेस, कारण मागून मी ‘सोड’ म्हणून ओरडलो होतो. हे मला माहीत होतं, तुला माहीत होतं, आणि आपण दोघं त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. तू बोलला नाहीस कारण तू तसाच होतास. मी बोललो नाही कारण मी भित्रा होतो. गावानं तो शब्द चुकीच्या माणसाला चिकटवला, एवढंच.

तुझ्या बाकीच्या चुका तुझ्याच, हं. त्यांचा वाटा मी घेणार नाही. अय्यो, काय काय प्रकार केलेस रे तू! दोन पायांमधून गेलेला बॉल तर कुणाच्याही नशिबी येतो. पण छातीशी घट्ट धरलेला बॉल खाली बसताना स्वतःच्याच गुडघ्यावर आपटून डोक्यावरून मागे जाळीत? थ्रो करायला हात फिरवला आणि बॉल आपल्याच अँथनीच्या पाठीवर बसून परत गोलमध्ये? मैदानावर त्या दिवशी प्रतिपक्षाचा फॉरवर्ड पोट धरून खाली बसला होता. त्याला आनंद करायलाही सुचेना.

आणि आपलं ते कायमचं भांडण. मी म्हणायचो, गर्दीत बॉल आला की ठोसा मार, लांब घालव. तू म्हणायचास, ठोसला तर परत येतो, धरला तर आपला. सगळं काही दोन्ही हातांनी धरायचंच होतं तुला. त्यातच तुझ्या निम्म्या चुका झाल्या. किती वेळा सांगितलं! तुझ्या घरच्या पायरीवर बसून एकदा आपण दोघं यावर इतके तावातावानं बोललो, की तुझी आई बाहेर येऊन म्हणाली, आधी त्या चामड्याच्या बॉलला शिवलात, आता विहिरीवर जाऊन आंघोळ करा, मग भांडा. तू ओल्या अंगानं परत आलास आणि पुढचं वाक्य तिथूनच सुरू केलंस. ते भांडण अजून मिटलेलं नाही. माझं अजूनही म्हणणं आहे, ठोसायला हवा होता.

तुला ‘सल्लडै’ हे नाव मुरुगेसननं दिलं. सल्लडै म्हणजे चाळणी. कीळवासलला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. मॅचच्या दिवशी अर्ध्या उघडलेल्या सायकली तशाच टाकून तो यायचा आणि गिऱ्हाइकंही सायकलीची वाट बघत त्याच्या मागोमाग मैदानावर यायची. माइक नसताना माइकसारखा आवाज. मॅच सुरू व्हायच्या आधी तो दोरीपाशी उभा राहून विचारायचा, ‘सल्लडै, आज किती?’ आणि तू वळून, अगदी गंभीर चेहऱ्यानं, हातमोज्यातली दोन बोटं वर करायचास. लोक टाळ्या पिटायचे. तुझी ही गंमत मला तेव्हा आवडायची नाही. मला वाटायचं, हा स्वतःच स्वतःची किंमत कमी करून घेतोय. तू म्हणायचास, ‘ते हसणारच आहेत रे. मी पण हसलो तर निदान सगळे मिळून हसतो.’

या लोकांचं मला कधी पुरतं कळलं नाही. तुझी चूक बघायला ते लवकर येऊन जागा धरायचे. तुझ्याकडे बॅकपास आला की सगळं मैदान एकदम श्वास आत घ्यायचं. तू तो नीट उचललास की त्यांचा हिरमोड झालेला ऐकू यायचा. कधी तू उजवीकडे पूर्ण आडवा होऊन, बोटांच्या टोकांनी, कुणालाच न जमणारा बॉल बाहेर काढायचास, तेव्हा टाळी वाजायला दोन क्षण लागायचे, लोक फसवल्यासारखे बघत राहायचे. मुरुगेसन एकदा म्हणाला, ‘आज सल्लडैची तब्येत बरी नाही वाटतं.’ पण कुंभकोणमला आपण खेळायला गेलो आणि तिथल्या पोरांनी तुला त्याच नावानं हाक मारली, तेव्हा हाच मुरुगेसन हातात सायकलचा पंप घेऊन दोरी ओलांडून गेला. आमच्या सल्लडैला आम्ही सल्लडै म्हणू, तुम्ही कोण? तो पंप कुणाच्या तरी खांद्यावर बसला आणि आपल्याला बसमध्ये मागच्या दारानं चढावं लागलं. तू खिडकीशी बसून म्हणालास, ‘माझ्यावर एवढं प्रेम करू नका रे, मला झेपत नाही.’ ते वाक्य त्यांना तमिळमध्ये सांगायचं तू टाळलंस.

मग घरोघर केबल आली. परदेशातल्या मॅच दिसायला लागल्या आणि महिनाभरात सगळ्यांना गोलकीपिंग कळायला लागलं. ज्यानं जन्मात बॉलला पाय लावला नव्हता तो मला सांगायचा, कीपरनं पुढे येऊन अँगल कमी करायला हवा होता. आपल्या मैदानावर गवतापेक्षा खडे जास्त, आणि हे तुला तिकडच्या हिरव्यागार मैदानावरच्या कीपरांशी ताडून बघायचे. तेव्हापासून हसण्यात थोडा कडवटपणा आला. आधी ते तुझ्या चुकीला हसायचे, मग तुला हसायला लागले.

पण तो फरक मला आज कळतो. तेव्हा मी गोलच्या मागे बसलेला असायचो आणि मला फक्त तू दिसायचास.

ते कसं सुरू झालं, आठवतंय ना? मी तुझ्या पुढे बॅक खेळायचो. गुडघा गेला, डॉक्टरनं मैदान बंद केलं, आणि मी घरी तोंड पाडून बसलो. तू आलास आणि म्हणालास, ‘गोपू, कीपरला मागचं दिसत नाही. मी पुढे आलो की खांब कुठे राहिला हे मला कळत नाही. तू मागे बस आणि सांग.’ जाळीपासून चार हातांवर एक काळा दगड पडलेला होता, त्यावर मी बसायला लागलो. तू माझ्यावर उपकार करतोयस हे मला ठाऊक होतं. पण तू ते असं मागितलंस, की जणू माझ्याशिवाय तुझं अडलंय. आणि दोन-तीन मॅचनंतर खरंच अडायला लागलं.

मी मराठीत ओरडायचो. ‘डावीकडे’, ‘पुढे ये’, ‘मागे माणूस आहे’, ‘धर’, ‘सोड’. मैदानावर ते आपल्या दोघांनाच कळायचं. प्रतिपक्षाला पत्ता लागायचा नाही, आपल्या संघालाही नाही. अँथनी बिचारा दर वेळी वळून बघायचा. लोकांना वाटायचं मी तुला शिव्या देतोय! ‘बघा, याचा घरचा माणूससुद्धा याला शिव्या घालतो,’ असं मुरुगेसन म्हणायचा आणि त्याला फार समाधान वाटायचं. एकदा तर रेफरीनं येऊन मला ताकीद दिली, की घाणेरडं बोलायचं नाही. मी काय बोललो होतो? ‘उजवा खांब संभाळ.’ परत येताना कालव्याच्या पुलावर सायकली थांबवून आपण दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो.

आपला एक नियम होता. ‘सोड’ म्हणजे बॉल बाहेर जातोय; म्हटलं की सोडायचं. वळून बघायचं नाही, विचार करायचा नाही. कारण विचार करायला गेलं की हात अर्धवट राहतो आणि बॉल बोटाला लागून आत जातो. तू हा नियम इतका पाळलास की मलाच धास्ती वाटायची. चार वर्षांत माझ्या ‘सोड’वर एकही गोल झाला नाही. तू हे लोकांना सांगू शकत नव्हतास, म्हणून मलाच पुन्हा पुन्हा सांगायचास. ‘माझ्या चुका माझ्या. तुझी एक पण नाही.’

आणि मग ती फायनल. पोंगलनंतरचा आठवडा, संध्याकाळचं ऊन, एक-एक बरोबरी. मैदानाला दोरीच राहिली नव्हती, एवढी माणसं. मुरुगेसन त्या दिवशी बाजू सोडून दहा-बारा जणांना घेऊन गोलच्या मागे, माझ्या दगडाच्या पाठीशीच येऊन उभा राहिला. शेवटची पाच मिनिटं. ‘सल्लडै, दोन बोटं दाखवलीस, एकच झालाय, दुसरा कुठाय?’ तू नेहमीसारखा वळला नाहीस. मला दिसत होतं, तुझी मान ताठ झाली होती. तुला ती फायनल जिंकायची होती रे. ती एक तरी. मला राग आला. मी दगडावरूनच मागे वळून मुरुगेसनला तमिळमध्ये असं काही सुनावलं की काय सांगू! तो पण ऐकणारा नव्हता. आमची जुंपली. तेवढ्यात लोकांचा आवाज बदलला आणि मी पुढे वळलो. त्यांच्या डाव्या बाजूच्या पोरानं लांबून बॉल उचलून मारला होता. तू हात वर करून उडी घ्यायच्या बेतात होतास. मी ओरडलो. ‘सोड! सोड, सेतू!’

तू हात खाली घेतलेस. लगेच. बॉल दूरच्या खांबाच्या आतल्या अंगाला लागून जाळीत गेला.

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. काही तरी विचारायचं असावं तसा. मी माझ्या चपलांकडे बघत बसलो. कॅप्टन धावत आला, तुझ्या अंगावर ओरडला, ‘का सोडलास? हातात येत होता!’ मी चार हातांवर होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. तू नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं असतंस तरी पुरे होतं. तू म्हणालास, ‘अंदाज चुकला. माझा.’

पुढच्या मॅचला मी त्या दगडावर बसलो नाही. दोरीपाशी, माणसांत जाऊन उभा राहिलो. तू गोलमध्ये उभा राहिलास, खांबांना हात लावलेस, आणि मागे वळून बघितलंस. दगड रिकामा होता. मग तू सगळ्या गर्दीवरून नजर फिरवलीस, मला शोधलंस, आणि मी एका उंच माणसाच्या मागे सरकलो. नंतर भेटलास तेव्हा एवढंच म्हणालास, ‘तिथं बसायला हवा होतास.’ मी म्हटलं गुडघा दुखतोय. गुडघा! दगडावर बसून दुखतो आणि दोन तास उभं राहून दुखत नाही असा गुडघा. तू ‘सरि’, म्हणजे बरं, एवढंच म्हणालास.

त्यानंतर दोन वर्षं खेळलास. मागून सांगणारा कुणी नाही, त्यामुळे चुका वाढल्या. तू बोटं दाखवायची बंद केलीस. आता लोक म्हणायचे, ‘हात आखड, सल्लडै, हात आखड!’ आणि सेतू, आज सांगतो, एकदा सगळे हसले तेव्हा मीसुद्धा हसलो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. माणसांत उभं राहिलं की आपोआप येतं ते. हसलो आणि मग घरी जाऊन जेवलो नाही, बायकोला सांगितलं पोट बिघडलंय.

मग क्लबानं त्रिचीच्या कॉलेजातला एक कीपर आणला. उंच, शांत पोरगा, वर्षभर एक चूक नाही. आणि गंमत बघ, गर्दी निम्म्यावर आली. मुरुगेसन दुकानातच बसायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, ‘त्या पोराला काय बघायचं? तो बॉल धरतो.’ त्याच्या बोलण्यात तुझी आठवण होती, पण हे कबूल करणारा तो नव्हता.

तू मात्र माझ्याकडे यायचं थांबवलं नाहीस. मी नोकरी सोडून बूथ टाकला तेव्हा सगळं वायरिंग तू केलंस, कचेरीतून सुटून, शर्ट काढून, बनियनवर. मी मदतीला म्हणून एक पोरगा सांगितला तर त्याला घालवून दिलंस. त्यानंतर रोज साडेपाचला या समोरच्या स्टुलावर. लोक सिंगापूरला, दुबईला ओरडून बोलायचे, अख्खं घर रांगेत उभं राहून एकेक मिनिट बोलायचं, आणि तू पेपर वाचायचास. मी वडील गेल्यानंतर दोन महिने कुणाशी बोलत नव्हतो, तेव्हासुद्धा तू इथंच बसून असायचास, काही न विचारता. अशी सोबत सगळ्यांना मिळत नाही. मला मिळाली आणि मी तिचं काय केलं ते वर लिहिलंच आहे.

कधीकधी गिऱ्हाईक नसायचं. मग मी गल्ल्यावरचं पुसायचं फडकं घेऊन उगीच काच पुसायचो आणि म्हणायचो, ‘सेतू, एक विचारू?’ तू पेपर खाली ठेवायचास. पूर्ण घडी घालून. आणि म्हणायचास, ‘बोल.’ मी म्हणायचो, ‘कॉफी घेणार?’ तू थोडा वेळ माझ्याकडे बघायचास आणि म्हणायचास, ‘घेईन.’ असं किती वेळा झालं, सेतू? वीस? पन्नास? तुझ्या घशाखाली किती कॉफी उतरवली मी नुसती भित्रेपणानं!

आणि तू कचेरीत टेबलावर डोकं ठेवलंस ते उचललंच नाहीस. सेहेचाळीस हे काय वय आहे? मला बूथवर फोन आला. रोज इथून दुसऱ्यांच्या असल्या बातम्या जातात, मी मीटरकडे बघत बसतो. त्या दिवशी फोन माझ्यासाठी होता.

तुला न्यायला किती माणसं आली! तुझ्या पगाराच्या कारकुनाला एवढी माणसं येत नाहीत. तुला खांदा द्यायला मुरुगेसन पहिला पुढे आला आणि लहान मुलासारखा रडला. तिरुवैयारुला अस्थी सोडायला गेलो तेव्हा तिथल्या संघातले दोन म्हातारे झालेले खेळाडू काठावर हात जोडून उभे होते. त्यांना कुणी कळवलं मला ठाऊक नाही.

तेराव्याला जेवणं झाल्यावर क्लबातली माणसं तुझ्या घरासमोर मांडवात बसली. एकेक जण तुझी चूक सांगायला लागला. गुडघ्यावर आपटलेला गोल, अँथनीच्या पाठीवरचा गोल. अँथनीनं उभं राहून पाठ दाखवली, ‘इथं बसला होता बॉल.’ रडतही होते आणि हसतही होते. मला वाटलं, हे तुला आवडलं असतं. तुला वाहायला त्यांच्याकडे हेच होतं. मग मुरुगेसन म्हणाला, ‘आणि फायनल? उडी घ्यायच्या बेतात, बॉल समोर असताना, हात खाली! पावम्, बिचारा घाबरला तो त्या दिवशी. देवानं त्याला मन दिलं, फक्त काळीज दिलं नाही.’ सगळ्यांनी माना हलवल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तेच जास्त लागलं.

मी उभा राहिलो. तमिळमध्ये सांगितलं, की मी गोलच्या मागे बसून शिव्या देत नव्हतो, सूचना देत होतो. तो शब्द काय होता, त्याचा अर्थ काय, आमचा नियम काय होता, सगळं. सेतू घाबरला नाही, सेतूनं माझं ऐकलं, गोल माझा आहे.

मग मुरुगेसन उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘राव सार, तुमचं मन मोठं. मेलेल्याची चूक अंगावर घ्यायला निघालात.’ सगळे ‘हो, हो’ म्हणाले. अँथनीनं डोळे पुसले. मी म्हटलं, अरे बाबांनो, खरं सांगतोय! तर कॅप्टन म्हणाला, ‘बसा सार, बसा. त्याला कोण नावं ठेवतंय? आम्हाला तो तसाच हवा होता.’ आणि माझ्या हातात पायसमचा पेला दिला.

त्यांनी विश्वास ठेवला नाही, सेतू. सात वर्षं मी ज्या घटकेला भीत होतो ती आली, आणि लोकांनी माझं कौतुक केलं. आणि मला अर्धा क्षण सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. पेला तसाच ठेवला आणि आत गेलो.

शांतावैनी मागच्या पडवीत बसल्या होत्या. बाहेरचं त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, ‘वैनी, मी जे बोललो ते खरं आहे. निदान तुम्ही तरी विश्वास ठेवा.’

त्या म्हणाल्या, ‘मी होते की तिथं, भावजी. त्या एकाच मॅचला आले होते. शाळेच्या पायऱ्यांवर, गोलच्या बाजूलाच बसले होते. तुम्ही ओरडलात ते मला ऐकू आलं. तुम्हा दोघांशिवाय ते कळणारी मीच एकटी.’

सात वर्षं मी त्यांच्या हातची कॉफी पीत आलो होतो.

‘घरी आल्याबरोबर मी भांडले त्यांच्याशी,’ त्या म्हणाल्या. ‘म्हटलं, लोकांना सांगा, भित्रे म्हणतात तुम्हाला. म्हणाले, मी नाही सांगायचा. गोपू सांगेल. मी दर महिन्याला विचारायची. सांगितलं का भावजींनी? तर म्हणायचे, सांगेल, त्याला थोडा वेळ लागतो. दोन-तीन वर्षं असं म्हणायचे. मग म्हणेनासे झाले. मीही विचारेनाशी झाले.’

मी खाली बसलो. त्या तुझा धुऊन वाळलेला शर्ट घडी घालत होत्या, ती घडी त्यांनी पूर्ण केली. मग म्हणाल्या, ‘एक गोष्ट ते शेवटपर्यंत म्हणायचे. गोपूला बॉल बाहेर जाताना दिसला असेल, म्हणूनच ओरडला. न बघता ओरडणारा नाही तो. वाऱ्यानं आत वळला असेल बॉल, त्याला तो काय करणार? एवढं त्यांना पक्कं वाटायचं.’ आणि माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, ‘बाहेर दिसला होता ना तुम्हाला?’

हो म्हणणं किती सोपं होतं. बाई नवरा गमावून बसलेली, तिला एवढं तरी द्यावं. पण मी तुझ्याच घरात बसलो होतो.

‘नाही वैनी,’ मी म्हटलं. ‘मी मुरुगेसनशी भांडत होतो. वळलो तेव्हा बॉल हवेत होता. कुठून आला, कुठे जातोय, काही बघितलं नव्हतं मी. तोंडातून आलं ते ओरडलो.’

बाहेर मांडवात पुन्हा हसायला सुरुवात झाली होती. मग त्यांनी शर्ट बाजूला ठेवला आणि हळूच म्हणाल्या, ‘हे त्यांना कळलं नाही, ते बरं झालं.’

त्यांच्या जागी त्यांचं बरोबर आहे. पण सेतू, माझ्याबद्दल तू जे चांगलं मानलं होतंस त्यातलं शेवटचं हे होतं, आणि ते खोटं होतं. तुला ते कळल्याशिवाय मला तुझा दोस्त म्हणवून घेता येत नाही. वाऱ्यानं काही केलं नाही. मी बघत नव्हतो. एवढंच सांगायला बसलो होतो.

तुझा,
गोपू